उसाचे चिपाड आणि रिकामी बाटली : टाकाऊ मालापासून रसायने



सकाळी दात घासण्याचा ब्रश, मग शाम्पू, मुलांच्या डब्याचे झाकण, पॉलिएस्टरचा शर्ट, डोके दुखले तर घ्यायची पॅरासिटामॉलची गोळी. दिवसभरात आपण हाताळतो त्यांपैकी कितीतरी वस्तूंचे मूळ खनिज तेलात आहे. विहिरीतून तेल काढायचे, शुद्धीकरण कारखान्यात त्याचे भाग वेगळे करायचे आणि त्यांतून एथिलीन, प्रॉपिलीन, बेन्झीन, टोल्युईन, झायलीन अशी मोजकी मूळ रसायने बनवायची. बाकीची हजारो रसायने या मोजक्यांपासूनच तयार होतात.

हीच रसायने शेतातल्या काडीकचऱ्यापासून आणि फेकून दिलेल्या प्लॅस्टिकपासून बनवता येतील का? उत्तर 'हो' असे आहे, आणि ते आजचे नाही. मात्र कोणती वस्तू कशापासून बनवणे शहाणपणाचे, कुठे यश आले आणि कुठे पैसे बुडाले, हे समजून घेण्यासारखे आहे. मुलांना शाळेच्या प्रकल्पासाठीही उपयोगी पडावी अशा बेताने ही माहिती येथे एकत्र केली आहे.

मूळ प्रश्न : कार्बन कुठून आणायचा?

वीज हवी असेल तर सूर्य, वारा, पाणी असे बरेच पर्याय आहेत. पण प्लॅस्टिक, रंग, औषधे, धागे यांना वीज पुरत नाही, त्यांना कार्बन लागतो, कारण ही सगळी कार्बनचीच संयुगे आहेत. तेल, वायू आणि कोळसा बाजूला ठेवले तर कार्बन मिळण्याच्या जागा मुख्यतः तीन. पहिली वनस्पती, दुसरी आधीच बनवून फेकलेला माल आणि तिसरी हवेतला किंवा धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड. तिसरी वाट आज तरी फार खर्चिक आहे. म्हणून शास्त्रज्ञांचा डोळा पहिल्या दोन जागांवर आहे.

फेकलेला माल थोडाथोडका नाही. अमेरिकेतील तीन संशोधकांनी २०१७ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार १९५० ते २०१५ या काळात जगात सुमारे ८.३ अब्ज टन प्लॅस्टिक बनले. त्यातून झालेल्या कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्के पुन्हा वापरात आला, सुमारे १२ टक्के जाळला गेला आणि उरलेला ७९ टक्के कचराडेपोत किंवा उघड्यावर साठला.

वाट जुनीच आहे

तेलाचे युग सुरू होण्याआधी रसायने वनस्पतींपासूनच बनत. नंतरच्या काळातही हा धागा पूर्ण तुटला नाही.

अमेरिकेतील क्वेकर ओट्स या कंपनीकडे आयोवा राज्यातील सीडर रॅपिड्स येथे ओटच्या टरफलांचे ढीग साचत. त्या टरफलांपासून फरफ्यूरल नावाचे रसायन बनवण्याचा धंदा कंपनीने १९२२ च्या सुमारास सुरू केला. दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षे, १९६१ पर्यंत, ड्यूपाँ कंपनी नायलॉनसाठी लागणारा कच्चा माल याच फरफ्यूरलपासून बनवत होती. पुढे तेलापासूनचा माल स्वस्त पडू लागला आणि ती वाट बंद झाली. फरफ्यूरल मात्र आजही मक्याच्या कणसातील दांड्यांपासून आणि उसाच्या चिपाडापासून बनते.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनला तोफांच्या दारूसाठी ॲसिटोन हवे होते. तेव्हा मँचेस्टर येथे काम करणाऱ्या खाइम वाइझमन या रसायनशास्त्रज्ञाने स्टार्च आंबवून ॲसिटोन बनवण्याची पद्धत दिली. धान्याची टंचाई झाली तेव्हा, १९१७ मध्ये, शाळकरी मुलांना हॉर्स चेस्टनटची फळे गोळा करायला लावली होती. हेच वाइझमन पुढे इस्रायलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

आपल्याकडे साखर कारखान्यांची मळी म्हणजे मोलॅसिस, आणि त्यापासूनचे अल्कोहोल, हा या उद्योगाचा पाया होता. उत्तर प्रदेशात बरेली येथे १९६३ मध्ये अल्कोहोलपासून कृत्रिम रबर बनू लागले. नगर जिल्ह्यात कोपरगावजवळ साकरवाडी येथे सोमैया समूहाच्या कारखान्यात अल्कोहोलपासून इथाइल ॲसिटेटसारखी रसायने बनतात. एरंडेल तेल आपण पोट साफ करण्याचे औषध म्हणूनच ओळखतो, पण त्यापासून नायलॉन-११ नावाचे चिवट प्लॅस्टिक बनते आणि ते मोटारींच्या इंधननळ्यांत वापरतात. जगातील एरंडीचे सर्वाधिक पीक भारतात, त्यातही गुजरातेत निघते. 'एरंडाचे गुऱ्हाळ' ही म्हण आपण निष्फळ लांबणीसाठी वापरतो, पण या गुऱ्हाळातून बराच पैसा निघतो!

चिपाडात असते काय?

१ टन ऊस गाळला की साधारण २८० ते ३०० किलो चिपाड निघते. त्यात जवळजवळ निम्मे पाणी असते. सुक्या भागात मुख्यतः तीन पदार्थ असतात. इमारतीच्या स्लॅबची उपमा घेतली तर ते चटकन लक्षात येतात.

सेल्युलोज म्हणजे स्लॅबमधल्या सळया. ग्लुकोज साखरेचे कण एकापुढे एक जोडलेल्या या लांब साखळ्या असतात.

हेमिसेल्युलोज म्हणजे सळया बांधणारी तार. ही आखूड, फाटे फुटलेली साखळी असून तिच्यात झायलोजसारख्या वेगळ्या साखरा असतात. फरफ्यूरल यापासूनच होते.

लिग्निन म्हणजे सिमेंट. ते साखर नसून बेन्झीनसारखी कडी असलेला कडक पदार्थ आहे. नॉर्वेतील बोरेगार्ड ही कंपनी १९६२ पासून लाकडातील लिग्निनपासून व्हॅनिलिन, म्हणजे आइस्क्रीममधला व्हॅनिलाचा सुगंध, बनवत आहे.

भाताचा पेंढा, ज्वारीचा कडबा, कापसाच्या पऱ्हाट्या, लाकडाचा भुसा या सर्वांत हेच तीन पदार्थ कमीअधिक प्रमाणात असतात. निसर्गाने हा स्लॅब किडीला आणि बुरशीला फुटू नये असाच बांधला आहे, त्यामुळे तो आपल्यालाही सहज फुटत नाही. सगळी अडचण तिथेच सुरू होते.

काडीपासून रसायनापर्यंतच्या वाटा

पहिली वाट आंबवण्याची. आम्ल, वाफ आणि एन्झाइम यांच्या साहाय्याने काडीतील साखर मोकळी करायची आणि तिला विरजण लावावे तसे सूक्ष्मजीव लावायचे. यीस्ट लावले तर अल्कोहोल मिळते, दुसरे जिवाणू लावले तर लॅक्टिक आम्ल, म्हणजे दह्याला आंबटपणा देणारे आम्ल. लॅक्टिक आम्लापासून पीएलए नावाचे प्लॅस्टिक बनते. अमेरिकेत नेब्रास्कातील ब्लेअर येथे त्याचा मोठा कारखाना २००२ मध्ये सुरू झाला. तिथे कच्चा माल मक्यातील साखर हा आहे. ब्राझीलमध्ये ब्रास्केम कंपनीने २०१० मध्ये उसाच्या अल्कोहोलपासून वर्षाला २ लाख टन पॉलिथिन बनवणारा कारखाना उभा केला. आपली मुले लेगो खेळतात, त्या संचातील झाडे-पाने २०१८ पासून उसाच्या पॉलिथिनची येऊ लागली.

दुसरी वाट आम्ल आणि उष्णतेची. फरफ्यूरल या वाटेने मिळते.

तिसरी वाट पायरोलिसिसची. हवा लागू न देता माल झटकन ५००-६०० अंशांपर्यंत तापवला की तो जळत नाही, फुटतो. वाफा, वायू आणि कोळसा मिळतो. वाफांचे द्रव्य थंड केले की काळपट, आम्लधर्मी तेल होते. पण त्या वाफा थंड होण्याआधीच झिओलाइट नावाच्या उत्प्रेरकावरून नेल्या तर बेन्झीन, टोल्युईन आणि झायलीन मिळतात, म्हणजे तेलशुद्धीकरण कारखान्यात मिळणारीच मूळ रसायने.

थोडा हिशेब करू

काडी आणि प्लॅस्टिक यांचा स्वभाव उलटा आहे. सेल्युलोजच्या वजनात सुमारे ४४ टक्के कार्बन आणि ४९ टक्के ऑक्सिजन असतो. पॉलिथिनच्या पिशवीत सुमारे ८६ टक्के कार्बन, १४ टक्के हायड्रोजन आणि ऑक्सिजन अजिबात नाही.

म्हणून काडीपासून पॉलिथिन बनवायचे तर सगळा ऑक्सिजन काढून टाकावा लागतो, आणि जाताना तो कार्बन किंवा हायड्रोजन बरोबर घेऊन जातो. १८० ग्रॅम ग्लुकोज आंबवले तर कागदावरच्या हिशेबाने जास्तीत जास्त ९२ ग्रॅम अल्कोहोल मिळते. उरलेले ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जाते. त्या ९२ ग्रॅम अल्कोहोलमधून पाणी काढले की राहते ५६ ग्रॅम एथिलीन. म्हणजे १८० चे ५६! याउलट त्याच १८० ग्रॅम ग्लुकोजचे लॅक्टिक आम्ल केले तर हिशेबाने पूर्ण १८० ग्रॅम मिळते आणि त्यापासून १४४ ग्रॅम पीएलए.

या हिशेबातून एक साधा नियम निघतो. ज्या रसायनांत ऑक्सिजन राहणारच आहे ती वनस्पतींपासून बनवणे किफायतशीर, आणि ज्यांत नुसता कार्बन व हायड्रोजन आहे ती जुन्या प्लॅस्टिकपासून बनवणे किफायतशीर. काडी आणि प्लॅस्टिक एकत्र तापवले तर प्लॅस्टिकमधला हायड्रोजन काडीच्या मदतीला येऊ शकतो, म्हणून तसेही प्रयोग चालू आहेत.

प्लॅस्टिक फोडताना

प्लॅस्टिकवरच्या त्रिकोणातील आकडे अमेरिकेतील प्लॅस्टिक उद्योगाने १९८८ मध्ये सुरू केले. त्रिकोण असला म्हणजे ती वस्तू रिसायकल होतेच असे नाही, तो आकडा फक्त प्लॅस्टिकची जात सांगतो. कोणत्या जातीचे काय होऊ शकते ते असे :

१ - पेट : पाण्याच्या, शीतपेयांच्या बाटल्या. वितळवून पुन्हा धागा किंवा बाटली करता येते. मिथेनॉल, ग्लायकॉल किंवा एन्झाइम वापरून मूळ घटकांतही फोडता येते.

२ - एचडीपीई : दुधाचे कॅन, शाम्पूच्या बाटल्या. वितळवून पुन्हा वापरणे सोपे.

३ - पीव्हीसी : पाइप, रेक्झिन. तापवल्यावर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते आणि यंत्रे गंजतात. पायरोलिसिसच्या मालात हे मिसळले की सारा घाणा बिघडतो.

४ - एलडीपीई : पिशव्या, पातळ वेष्टने. पायरोलिसिसने मेण आणि तेल मिळते.

५ - पॉलिप्रॉपिलीन : दह्याचे डबे, झाकणे. तेही पायरोलिसिसला चांगले.

६ - पॉलिस्टायरीन : आपला थर्माकोल याच जातीचा. तापवले की मूळ स्टायरीन बऱ्याच प्रमाणात परत मिळते, पण वजनाला हलका आणि आकाराने मोठा असल्याने वाहून नेणे परवडत नाही.

७ - इतर : यात सगळी सरमिसळ. पीएलए याच आकड्याखाली येते. वेफर्सच्या पाकिटांसारखी अनेक थरांची वेष्टनेही बहुधा याच गटात मोडतात.

यांपैकी पेटवर सर्वाधिक काम झाले आहे. जपानमध्ये साकाई शहरातील बाटल्यांच्या कचऱ्यात पेट खाणारा जिवाणू सापडल्याचे २०१६ मध्ये जाहीर झाले. २०२० मध्ये फ्रान्समधील कार्बिओस ही कंपनी आणि तुलूझचे संशोधक यांनी असे एन्झाइम दाखवले की जे १० तासांत पेटचा ९० टक्के भाग मूळ घटकांत फोडते. एडिनबरा विद्यापीठात २०२१ मध्ये पेटच्या घटकापासून जिवाणूंकरवी व्हॅनिलिन बनवले गेले, आणि २०२५ मध्ये पॅरासिटामॉल. अर्थात हे प्रयोगशाळेतले यश आहे, औषधाच्या दुकानात ती गोळी अजून आलेली नाही. अमेरिकेत टेनेसी राज्यातील किंग्जपोर्ट येथे ईस्टमन कंपनीचा पॉलिएस्टर फोडणारा मोठा कारखाना मात्र २०२४ मध्ये सुरू झाला.

एका बाटलीची गोष्ट

पेट हे दोन घटकांचे बनते. वजनाने सुमारे ३० टक्के भाग ग्लायकॉलचा आणि ७० टक्के टेरेफ्थॅलिक आम्लाचा. कोका-कोलाने २००९ मध्ये जी 'प्लांट बॉटल' आणली, तिच्यातील ग्लायकॉल वनस्पतीचे होते, म्हणून ती 'जास्तीत जास्त ३० टक्के' वनस्पतीची. या ग्लायकॉलसाठी ब्राझीलच्या उसाचे अल्कोहोल वापरले आणि ग्लायकॉल बनवले ते उत्तराखंडातील काशीपूरच्या इंडिया ग्लायकॉल्स या कारखान्याने.

उरलेले ७० टक्के अवघड. त्यासाठी पॅराझायलीन लागते. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील जॉर्ज ह्यूबर यांच्या संशोधनावर २००८ मध्ये ॲनेलोटेक ही कंपनी उभी राहिली. लाकडाचे तुकडे तापवून, वाफा उत्प्रेरकावरून नेऊन थेट बेन्झीन, टोल्युईन, झायलीन मिळवायचे, ही तिची पद्धत. वर सांगितलेली तिसरी वाट ती हीच. जपानच्या सनटोरी कंपनीने तिला मदत केली आणि डिसेंबर २०२१ मध्ये सनटोरीने लाकडापासूनचे आम्ल आणि मळीपासूनचे ग्लायकॉल वापरून पूर्णपणे वनस्पतीजन्य बाटलीचा नमुना दाखवला. त्याच तंत्राने मिश्र प्लॅस्टिक कचऱ्यापासून रसायने काढण्याचे कामही कंपनीने हाती घेतले. म्हणजे पूर्ण बाटली बनते हे सिद्ध झाले. तेलापासूनच्या बाटलीइतकी स्वस्त बनते का, हा प्रश्न वेगळा.

कुठे घोडे अडते?

या क्षेत्रात बुडालेल्यांची यादीही लांब आहे. मिसिसिपीतील कोलंबस येथे लाकडापासून इंधन बनवणारी किऑर कंपनी नोव्हेंबर २०१४ मध्ये दिवाळखोरीत गेली. ड्यूपाँने आयोवात मक्याच्या धाटांपासून अल्कोहोल बनवणारा कारखाना २०१५ मध्ये उघडला आणि २०१७ मध्ये बंद करण्याचे ठरवले. रोमानियातील क्लॅरियंट कंपनीचा पेंढ्यापासूनचा कारखाना २०२३ च्या शेवटी गुंडाळला गेला.

रसायनशास्त्राच्या पुढे जाऊन कारणे पाहिली तर ती अगदी साधी दिसतात. काडीबरोबर माती-वाळू येते आणि यंत्रे झिजतात. पीक दोन महिन्यांत निघते, कारखाना बारा महिने चालवायचा असतो, म्हणून गंजी रचून ठेवाव्या लागतात, आणि त्या भिजतात किंवा पेटतात. पेंढा हलका असतो, त्यामुळे ट्रक भरतो पण वजन भरत नाही. आणि तेलाचा भाव पडला की सगळे गणित कोसळते.

प्लॅस्टिकचेही तसेच. पायरोलिसिसने निघालेले तेल इंधन म्हणून जाळले, तर कार्बन धुराड्यातून गेलाच. त्याला पुनर्वापर म्हणावे का, यावर मोठा वाद आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलनी एक्सॉनमोबिल कंपनीवर, पुनर्वापराबाबत लोकांची दिशाभूल केल्याच्या आरोपावरून, दावा दाखल केला.

महाराष्ट्रातील काम

या विषयात आपल्या माणसांचे काम मोठे आहे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून आणि मुंबईत माटुंग्याची यूडीसीटी, म्हणजे आजची आयसीटी, १९३३ पासून रसायनशास्त्रज्ञ घडवत आहेत. आयसीटीने विकसित केलेल्या तंत्रावर काशीपूर येथे २०१६ मध्ये दिवसाला १० टन काडीकचऱ्यापासून अल्कोहोल बनवणारा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू झाला. पानिपत येथे ऑगस्ट २०२२ मध्ये इंडियन ऑइलच्या ज्या प्रकल्पाचे लोकार्पण झाले, त्याचे तंत्र पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे. वर्षाला सुमारे २ लाख टन भाताच्या पेंढ्यापासून ३ कोटी लिटर इथेनॉल ही त्याची आखणी. प्राजनेच ऑक्टोबर २०२४ मध्ये जेजुरीजवळ पीएलएचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला.

पण तंत्र आले म्हणजे कच्चा माल आला असे नाही. पंजाब-हरियाणात पेंढा शेतातच पेटवला जातो, तिथे तो विकत घेणारा कारखाना वरदान ठरू शकतो. आपल्याकडे मात्र चिपाड कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळून वीज देते (मॉरिशसमध्येही हेच होते), कडबा गुरांना लागतो, उसाचे पाचट शेतात पसरले तर ओल टिकते. ज्याला शहरातला माणूस 'शेतातला कचरा' म्हणतो, त्यातला बराचसा शेतकऱ्याच्या लेखी कचरा नसतोच. खरोखर उरतो किती आणि त्याचा भाव शेतकऱ्याला मिळतो किती, यावर सगळे अवलंबून.

प्लॅस्टिकच्या बाबतीत हेच स्थान कचरावेचक बायकांचे आहे. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना झाली. तिच्यातून पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ पासून तिच्या सभासद घरोघरचा कचरा गोळा करू लागल्या. कोणती बाटली कोणत्या जातीची, हे त्या हात लावताच ओळखतात. कोट्यवधींचे यंत्र पीव्हीसीच्या एका तुकड्याने बिघडते, म्हणून हे वेगळे करण्याचे काम म्हणजेच या उद्योगाचा पहिला टप्पा होय. उद्या प्लॅस्टिक कचऱ्याला भाव आला तर त्यात या बायकांचा वाटा राहणार की मोठे ठेकेदार तो उचलणार, हा प्रश्न उत्प्रेरकाइतकाच महत्त्वाचा आहे.

आपल्या घरी आणि मंडळात

- बाटल्या-डबे रिकामे करून, विसळून टाका. लोणच्याचे तेल लागलेला एक डबा शेजारचा कागदही खराब करतो.
- आपल्या गावची नगरपालिका कोणते आकडे घेते ते एकदा पाहून फ्रिजवर लावा. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी १ आणि २ घेतात, बाकीच्यांचे नियम गावोगाव वेगळे.
- जिथे बाटलीवर अनामत रक्कम मिळते तिथे बाटली परत करा. मिशिगन आणि ओरेगनमध्ये १० सेंट मिळतात, जर्मनीत एकदाच वापरायच्या बाटलीवर २५ सेंट. परत केलेली बाटली स्वच्छ आणि एकाच जातीची असते, कारखान्याला हवी असते तशीच.
- पीएलएचे पेले पेटच्या बाटल्यांत टाकू नका. ते परसातल्या खड्ड्यातही सहजी कुजत नाहीत, त्यांना औद्योगिक कंपोस्टची सुमारे ६० अंशांची ऊब लागते.
- गणेशोत्सवाच्या जेवणाला थर्माकोलच्या ताटल्यांऐवजी चिपाडाच्या आणल्या तर उत्तम. घेताना 'कंपोस्टेबल' प्रमाणपत्र आणि तेल न झिरपण्यासाठी फ्लोरिनयुक्त लेप दिलेला नाही ना, हे लेबलवर पाहा. मखरासाठीही थर्माकोल टाळावा. महाराष्ट्रात २०१८ पासून त्यावर बंदी आहे.
- ताटल्या-पेले यांपेक्षा स्टीलची ताटे-वाट्या केव्हाही बऱ्या. जी वस्तू फेकलीच नाही तिचे रसायन करण्याचा खटाटोपही नाही.

सभासदांपैकी कोणी या क्षेत्रात काम करत असतील तर त्यांनी पुढील अंकासाठी आपला अनुभव जरूर लिहून पाठवावा. आणि मुलांना एक गृहपाठ द्या : आठवडाभर घरातल्या प्लॅस्टिकवरचे आकडे मोजून वहीत लिहायचे. सातही जाती एकाच टोपलीत दिसल्या की हे काम का अवघड आहे ते त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.